दाराचं तोंड

गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून मी हसत होते, कारण पुण्याच्या एका मासिकाच्या विभावरीताई माझा फोटो काढत होत्या.

"अशीच राहा गं, अशीच!" त्या ओरडल्या. "काय तेज आलंय तुझ्या चेहऱ्यावर! मातीत पाय असले की माणूस कसा खुलतो, बघा सगळ्यांनी."

तेज कसलं डोंबलाचं! घाम होता तो. मे महिन्यातले सकाळचे नऊ वाजले होते, आणि मी सहापासून तांबडी माती, भाताचा पेंढा आणि शेण यांचा काला तुडवत होते. माती आठ दिवस भिजत घातलेली, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. माझ्या आजूबाजूला शिबिराला आलेली अकरा माणसं हातात हात घालून गोल गोल तुडवत होती आणि गाणी म्हणत होती. रविवारी संध्याकाळच्या एसटीने ती सगळी परत जाणार होती, म्हणून त्यांना गाणी सुचत होती.

"किती भाग्यवान आहेस तू," विभावरीताई खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसत म्हणाल्या. "नाहीतर आम्ही बघ. फ्लॅटमध्ये डांबून घेतलेली माणसं."

मी पुन्हा हसले. दोन वर्षांत मला ते छान जमायला लागलं होतं.

आजऱ्याच्या पलीकडे हुंबरवाडी म्हणून वस्ती आहे, तिच्याही वर चढावर आमची जमीन. माझा नवरा निरंजन सांगलीत एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. एके दिवशी तो नोकरी सोडून आला आणि म्हणाला, आपण मातीचं घर बांधू, आपल्या हाताने, आणि तिथेच राहू. सिमेंटचा एक कणही नाही. मी म्हटलं, बांधू. लग्नाला चार वर्षं झाली होती, माझं त्याच्यावर प्रेम होतं, आणि माझी समजूत अशी की मातीचं घर म्हणजे सुट्टीत जायचं काहीतरी. मी बिनपगारी रजा घेतली. आधी एक वर्ष, मग आणखी एक.

घर वर यायला तयार नव्हतं. मातीची भिंत एका वेळी हातभरच चढवायची, तो थर सुकू द्यायचा, मग पुढचा. पावसाळ्यात सगळं झाकून गप्प बसायचं. तोवर आम्ही राहत होतो दहा बाय बाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात भट्टी, पावसात ढोल. दिवसभरात दिसणारी माणसं म्हणजे निरंजन, भैरू गवंडी आणि भैरूची मुलगी पारू. पारूचा नवरा वर्षभरापूर्वी गेला होता. तिचं तान्हं झाडाला टांगलेल्या झोळीत असायचं आणि ती माझ्याबरोबर माती तुडवायची.

निरंजन वाईट नवरा असता तर माझं किती सोपं झालं असतं! चार शब्द ऐकवून पहिल्या एसटीत बसले असते. पण हा माणूस असा, की माझी तक्रार म्हणजे त्याचं पुढचं काम. ओढ्यावरून पाणी आणून कंबर मोडली म्हणाले, तर चार दिवस खपून त्याने बांबूची पन्हळ शेडपर्यंत आणली. चुलीपाशी विंचू निघाला म्हणाले, तर कमरेइतका ओटा बांधून त्यावर नवी चूल घातली. शेवटी एकदा रडवेली होऊन म्हणाले, इथे बोलायला कुणी नाही रे. त्याने माझे डोळे पुसले आणि शिबिर भरवलं.

आता बोला!

आणि शेडमधल्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, आमच्या मुख्याध्यापिका पेंढारकरबाईंचं पत्र होतं. दहा जूनला हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा, रजा आता एक दिवसही वाढणार नाही. पत्र आल्यावर मी निरंजनला सांगितलं होतं. तो सुपात धान्य पाखडावं तितक्या सहज म्हणाला, "मग पाठवून दे ना राजीनामा. आता काय!" मी लिहिला. फळ्यावर लिहिते तसा सुरेख अक्षरात लिहिला, आणि पत्राशेजारी ठेवून दिला. पोस्टमन आमच्या वस्तीला फक्त शनिवारी यायचा. आज शुक्रवार होता. उद्या तो कागद त्याच्या हातात दिला की मी कायमची इथली झाले.

मला इथली व्हायचं नव्हतं. मला फळा हवा होता, खडूने पांढरे झालेले हात हवे होते, मधल्या सुट्टीतला गोंगाट हवा होता. हे मी कुणाला सांगणार? निरंजनला? रोज रात्री तो तळहाताचे फोड दाखवून म्हणायचा, "बघ सुलू, तुझं घर."

दहाच्या सुमारास भैरूची बैलगाडी चढ चढून आली. गाडीत दाराची चौकट होती. जांभळाच्या लाकडाची, महिनाभर तेल पाजलेली, दणदणीत. शिबिरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. भैरूने बैल सोडले, डोक्याचं मुंडासं काढून पुन्हा बांधलं आणि चौकट चौघांकडून उचलवून जोत्यावर आडवी ठेवली. पारूने उंबऱ्याला हळदकुंकू लावलं.

भैरू सत्तरीचा असेल. बोलायला एकदम कमी. निरंजनचे नकाशे तो मान डोलवत बघायचा आणि त्याला हवं तेच करायचा.

"चला भैरूमामा," निरंजन हात चोळत म्हणाला. "पूर्वेला तोंड करून उभी करू."

"थांबा की सायेब," भैरू म्हणाला. "तुमास्नी कोन इचारतंय?"

सगळे हसले.

"चौकटीचं तोंड घरधनीण सांगती. आमच्यात रीत हाय. माझा बा बी असंच करायचा, त्येचा बा बी. वैनी, हिकडं या. पाय धुऊ नगा, तसंच या."

मी चिखलाच्या पायांनी जोत्यावर चढले.

"उंबऱ्याला हात लावा," भैरू म्हणाला. "मी तीन डाव इचारनार. दक्षिन सोडून कंचं बी तोंड सांगायचं. पर सांगायचं. न्हाई सांगितलं तर चौकट गाडीत घालून मी माघारी जानार."

"माघारी का?" विभावरीताईंनी विचारलं. त्यांची वही बाहेर आली होती.

"ज्या घरात बाई बोलत न्हाई, त्या घराचं दार आमी लावत न्हाई."

"वा!" विभावरीताई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. "काय सुंदर परंपरा आहे!"

निरंजनचा चेहराही खुलला. मुहूर्त-बिहूर्त न मानणारा माणूस, पण असलं काही त्याला मनापासून आवडायचं. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी काय सांगणार याबद्दल त्याला काडीचीही शंका नव्हती. नकाशात दार पूर्वेला होतं, डोंगराकडे. मागे पश्चिमेला खाली डांबरी रस्ता होता, त्यावरून दिवसात दोनदा एसटी जायची. त्या बाजूला त्याने खिडकीसुद्धा ठेवली नव्हती. "जगाकडे पाठ करायची, सुलू," असं तो म्हणायचा आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश व्हायचा.

"वैनी, तोंड कुनीकडं?" भैरूने विचारलं.

मी उंबऱ्यावर हात ठेवून बसले होते. लाकूड उन्हाने तापलं होतं. या दोन वर्षांत मला कुणी काही विचारलं होतं का, हे मी आठवत होते. विचारलं होतं. कूड हवा की भिंत, चूल डावीकडे की उजवीकडे, सगळं विचारलं होतं. फक्त राहायचं का, ते सोडून.

"वैनी, तोंड कुनीकडं?"

अकरा माणसं, शिवाय विभावरीताई, सगळी थांबलेली. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, पूर्व, पूर्व. परीक्षेत उत्तर सांगावं तसं. झोळीतलं पोर कुरकुरलं, आणि पारूने तिथूनच दोरी ओढून झोका दिला. ती माझ्याकडे रोखून बघत होती. तिला माझं काय कळलं होतं कोण जाणे.

मी गप्प बसले असते तर? चौकट गाडीत गेली असती. आणि मग निरंजनने चार दिवस भैरूची मनधरणी केली असती, मला समजावलं असतं, आणखी कसलंतरी शिबिर भरवलं असतं. काही सुटणार नव्हतं.

"वैनी, शेवटचं इचारतोय. तोंड कुनीकडं?"

"रस्त्याकडे," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं, आणि ही थट्टा नाही असं कळल्यावर थांबलं. कारण रस्त्याच्या बाजूला मातीचे तीन थर चढलेले होते. सबंध महिन्याचं काम. दार तिकडे करायचं म्हणजे ती भिंत मधोमध फोडायची, आणि पूर्वेला दारासाठी सोडलेली जागा बुजवायची.

भैरूने मान डोलवली. "हां. झालं मग. रस्त्याकडं."

"अगं पण," विभावरीताई म्हणाल्या, "तिकडे धूळ, ते हॉर्न..."

मी निरंजनकडे पाहिलं. खरं सांगते, मला भांडण हवं होतं. त्याने नुसतं "वेड लागलंय का तुला?" म्हणायला हवं होतं. मी तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, दोन वर्षांचं सगळं ओकून टाकलं असतं.

तो क्षणभर गोंधळला. मग हसला आणि म्हणाला, "ठीक आहे. रस्त्याकडे तर रस्त्याकडे." आणि वाकून त्याने कुदळ उचलली.

मेले मी! दुसरं काय म्हणणार?

तो भिंत फोडायला लागला. वाळलेली मातीची भिंत सहजासहजी फुटत नाही, पेंढा तिला धरून ठेवतो. कुदळ घातली की मूठभर ढेकूळ निघायचं. हा शर्ट काढून घाव घालतोय, घामाने चिंब झालेला, आणि मध्येच माझ्याकडे बघून हसतोय. शिबिरातली दोन तरुण माणसं मदतीला गेली तर म्हणाला, "नको, मी करतो. तिने पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय."

हे ऐकलं मी. एक दार मागितलं तर हा माणूस महिन्याचं काम फोडतोय. याला सोडून जाते म्हणणारी मी कोण? आणि जात नाही म्हटलं तर उरलेलं आयुष्य इथेच, या चांगुलपणात, हातभर थर रोज चढत राहणार माझ्याभोवती. दार कुठेही असो.

मी चिखलाच्या खड्ड्यात परत उतरले आणि एकटीच तुडवायला लागले. बाकीचे जेवायला शेडकडे गेले होते. पिठलं-भाकरीचं त्यांना भारी अप्रूप. थोड्या वेळाने निरंजन आला, काठावरून खाली उतरला आणि माझ्यासमोर उभा राहून तुडवू लागला.

"बुजवायला ताजा मातीचा गारा लागेल," तो म्हणाला. "चार दिवसांत करतो सगळं. तू काळजी करू नकोस."

चिखल घट्ट झाला होता. एक पाय उपसावा तर दुसरा रुतायचा, म्हणून तोल सावरायला आम्ही एकमेकांचे हात धरले होते.

"रस्ता का गं?" त्याने विचारलं. "नाही, सहज विचारतोय."

"एसटी दिसते," मी म्हणाले.

"एसटी?"

"सकाळची साडेसातची. आणि संध्याकाळची." माझा आवाज फाटला. "मी रोज बघते. शेडच्या मागे जाऊन बघते. निरंजन, मला इथे राहायचं नाही."

त्याचे पाय थांबले.

"मला शाळेत जायचंय. मी राजीनामा लिहिलाय पण उद्या तो मला देता येणार नाही. मी दोन वर्षं प्रयत्न केला. तू म्हणशील ते केलं. पण मला नाही आवडत इथे. मला माती नाही आवडत. मला या वासाने ओकारी येते. तू इतका चांगला वागतोस ना, की मला जीव द्यावासा वाटतो."

एवढं बोलून मी रडायला लागले, आणि पाय रुतलेले असल्यामुळे मला तिथून पळताही येईना. तो समोर तसाच उभा. माझे हात त्याने सोडले नव्हते. तो खाली चिखलाकडे बघत होता. मग त्याने मान वर केली आणि तो चक्क हसला.

"मग मी हे कुणासाठी बांधतोय?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अगं बये, तूच म्हणाली होतीस ना! लग्नानंतर आंबोलीला गेलो होतो, वाटेत ते धनगराचं घर लागलं. मातीचं, सारवलेलं. तू म्हणालीस, असं घर असावं आपलं. मी डोक्यात धरून बसलो."

माझं रडणं थांबलं. "मी म्हणाले होते?"

"शंभर टक्के."

आंबोलीची वाट आठवली. धुकं आठवलं. घरही आठवलं बहुधा. आणि मी तर काय, त्या दिवसांत दिसेल त्याला कित्ती छान म्हणत होते! म्हणाले असेन.

"आणि खरं सांगू?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "मलाही कंटाळा आलाय, सुलू. कंबर गेली माझी. मला सकाळी पेपर हवाय. मला कमोड हवाय गं. पण तुझं स्वप्न म्हणून मी..."

मला आधी हसूच फुटलं. मग त्यालाही. त्या खड्ड्यात आम्ही दोघं एकमेकांना धरून इतके हसलो की तोल जाऊन तो बसलाच चिखलात, आणि त्याच्यावर मी. शेडमधून माणसं भाकरी हातात घेऊन धावत आली. विभावरीताईंनी लगेच फोटो काढला. आम्ही जातोय, हे कळल्यावर मात्र त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि तो फोटो त्यांच्या मासिकात कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला तेव्हा मी त्याला दहा जूनला हजर होत असल्याचं पत्र दिलं. राजीनामा चुलीत घातला.

घराचं काय करायचं, ते निरंजनने एका वाक्यात मिटवलं. भैरूला म्हणाला, "पारूला राहू दे. घर तुम्ही पुरं करा, चौकट तिच्या सोयीने उभी करा." भैरूने पारूलाही रीतसर तीन वेळा विचारलं. ती म्हणाली, आता फोडलंयच हिकडं तर हिकडंच ऱ्हाऊ द्या.

पंधरा दिवसांनी आम्ही निघालो. एसटीत मी खिडकीशी बसून अखंड बडबडत होते. निरंजन डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, दमलाय बिचारा, झोपलाय.

पुढचं सगळं सरळ झालं. मी शाळेत रुजू झाले आणि त्याच शाळेची मुख्याध्यापिका होऊन गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरंजन पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागला. मुलगी झाली, शिकली, बंगळुरूला गेली. आम्ही सांगलीतच विश्रामबागेत फ्लॅट घेतला. कुणी पाहुणे आले की मी ही गोष्ट रंगवून सांगायची. दोघंही एकमेकांसाठी दोन वर्षं चिखल तुडवत बसलो आणि दोघांनाही घर नको होतं! लोक पोट धरून हसायचे. निरंजनही हसायचा, आणि कमोडचं वाक्य तोच म्हणायचा.

गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी दाराची बेल वाजली. निरंजन भाजी आणायला गेला होता. दारात नऊवारीतली एक बाई, हातात लग्नपत्रिका.

"वळाकलं न्हाई व्हय वैनी? मी पारू. भैरू गवंड्याची."

मी तिला मिठीच मारली. आत बसवलं, चहा टाकला. झोळीतल्या त्या तान्ह्या पोरीचं लग्न ठरलं होतं. भैरूला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. पारूचे केस पिकले होते, पण बघणं तसंच, रोखून.

"तुमचा चिवडा लई चांगला असतोय वैनी," ती चहा पिताना म्हणाली. "दरसाल वाट बगतोय आमी. पोरगी तर डबा उगडल्याबिगर ऱ्हात न्हाई."

"कसला चिवडा?"

"सायेब आनत्यात त्यो."

मी दरवर्षी एकदाच एवढा चिवडा करते. अक्षय तृतीयेच्या सुमारास बेळगावला निरंजनच्या वर्गमित्रांचा मेळावा असतो, चार दिवसांचा. जाताना तो मोठा डबा भरून नेतो. मित्रांना आवडतो म्हणून.

"येत्यात ना दरसाल," पारू म्हणाली. तिला कळत नव्हतं माझं काय चाललंय. "पावसाच्या आदी. माती भिजवत्यात, सोता तुडवत्यात, सगळ्या भित्ती लिपत्यात. कुनाला हात लावू देत न्हाईत. पयल्या साली आलं, तवा भित्तीला टेकून बसलं ते बसलंच. आबा म्हनलं, रडू दे, हाक मारू नगस." मग ती एकदम थांबली. "तुमास्नी ठावं न्हाई व्हय? मला म्हनलं, वैनीला समदं ठावं हाय. फकस्त तिच्याफुडं बोलायचं न्हाई, तिला वंगाळ वाटतंय."

मी कपबशी खाली ठेवली. आंबोलीच्या वाटेवर एक घर होतं. त्याबद्दल मी कधीही काहीही म्हणाले नव्हते. तो म्हणाला म्हणून मला आठवलं होतं. चिखलात उभ्या उभ्या, माझे हात धरून, त्याने ते रचलं होतं. मला जाता यावं म्हणून. आणि मी चोवीस वर्षं पाहुण्यांना ते सांगून हसत होते, आणि त्यालाही हसायला लावत होते.

बेळगावहून आला की त्याच्या टाचांना भेगा असायच्या. "या वयात कसले रे खेळ खेळता तुम्ही?" म्हणून मी चिडायची आणि तेल लावून द्यायची.

"मी आले त्ये दुसऱ्याच कामाला," पारू पदराशी चाळा करत म्हणाली. "पोरगी म्हनती, आई, तू बी इचलकरंजीला चल, माजपाशी ऱ्हा. लगीन झालं की मी जानार. घर मोकळं पडंल वैनी. मातीचं घर मोकळं ठिवलं तर दोन पावसाळं बी काढत न्हाई. सायबास्नी त्वांडानं सांगायचं धाडस न्हाई मला. तुमी सांगा."

ती गेली. पत्रिका टीपॉयवर ठेवून मी बसून राहिले. बोलू की नको? बोलले तर त्याची एवढी जपलेली गोष्ट मी उघडी पाडणार. नाही बोलले तर दोन पावसाळ्यांत ते घर जाणार, आणि मी चिवडा करत राहणार. त्या खड्ड्यातून मी सुटले असं समजत होते. पाय अजून तिथेच होते.

निरंजन आला. पिशवी ओट्यावर ठेवली. "मेथी छान मिळाली," तो म्हणाला, आणि त्याला पत्रिका दिसली. त्यावरचं नाव त्याने वाचलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा पडला.

"पारू आली होती," मी म्हणाले. "ती घर सोडतेय. लग्न झालं की."

"कोण पारू?" तो म्हणाला. चोवीस वर्षं बेमालूम खोटं बोललेल्या माणसाला आज ते जमेना. "अच्छा, ती. हो का. मग... मग काय, पडेल ते. मातीच ती."

तो मेथीची जुडी सोडायला बसला. पानं कुठे, देठं कुठे, काही बघत नव्हता. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि त्याचे हात धरले.

"निरंजन, मला तिकडे राहायला जायचंय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याने सगळं ओळखलं, ते मला दिसलं. डोळे भरून आले त्याचे, पण त्याने माझे हात सोडले नाहीत.

"तुला तिथे करमणार नाही, सुलू," तो शेवटी म्हणाला.

"नाहीच करमणार," मी म्हणाले. "दोन वर्षं काढलीत मी तिथे, मला नको सांगूस. मोठी बॅग माळ्यावर आहे, तेवढी काढून दे."